घोटा मुरगळला? ‘काही नाही सर’ म्हणू नका!



थंडी पडली की नाशिकच्या शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटतात. कुठे खो-खोचे खांब रोवले जातात, कुठे कबड्डीच्या मैदानावर पाणी मारलं जातं. गोल्फ क्लबच्या मैदानावर (त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, बरं का!) पहाटे पळणाऱ्यांची गर्दी वाढते. पळण्याचं वेड आपल्या जिल्ह्याला आहेच. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. तेव्हापासून ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव इथल्या कितीतरी मुलींना पाठ आहे.

स्पर्धांच्या याच दिवसांत शाळेत आणखी एक दृश्य दिसतं. कुणीतरी लंगडत वर्गात येतं. पी.टी.चे सर विचारतात, “काय रे, काय झालं?” उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही सर, थोडा पाय मुरगळलाय.”

आजचा आपला लेख या ‘काही नाही’बद्दल आहे. कारण तसं म्हणणाऱ्याला पुष्कळदा चांगलंच दुखत असतं. पण आठ दिवसांवर तालुक्याची निवड असते, संघातली जागा जाईल अशी भीती असते, आणि घरी सांगितलं तर आई खेळच बंद करेल ही दुसरी भीती! मग पट्टी गुंडाळायची, दात-ओठ खायचे आणि मैदानात उतरायचं. दुखतंय हे लपवणं म्हणजे शूरपणा, असं आपल्याला वाटतं. घोट्याला तसं वाटत नाही.

आता वाचता वाचता एक हात खाली न्या आणि स्वतःचा घोटा चाचपा. दोन्ही बाजूंना दोन उंचवटे लागतील. आतला उंचवटा म्हणजे नडगीच्या जाड हाडाचं टोक. बाहेरचा उंचवटा म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं टोक. नीट पाहा, बाहेरचं टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेलं आहे. या दोन टोकांच्या मध्ये, चिमट्यात धरावं तसं, तिसरं एक हाड बसलेलं असतं. डॉक्टर त्याला ‘टॅलस’ म्हणतात. मोठं गमतीचं हाड आहे हे. तुमच्या शरीराचा सगळा भार नडगीतून त्याच्यावर येतो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही! त्याचा अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो. म्हणून त्याला रक्तपुरवठा बेताचाच होतो, आणि म्हणूनच ते दुखावलं तर भरून यायला वेळ लावतं.

मग हे हाड जागेवर धरून कोण ठेवतं? लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध. हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग तुम्ही पाहिली असेल. मांडवाच्या कडेच्या खांबांना बाहेरून तारेचा ताण दिलेला असतो. तो ताण ढिला पडला की खांब कलतो, आणि मग अख्खा मांडव डुगडुगायला लागतो. घोट्याचं तसंच आहे. आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि मजबूत. बाहेरच्या बाजूला मात्र तीन सुटे, बारीक पट्टे. शिवाय बाहेरचं हाड खालपर्यंत उतरलेलं असल्याने पाऊल बाहेर फारसं वळत नाही. आत मात्र सहज वळतं. बसल्या बसल्या वळवून बघा, पटेल. म्हणून घोटा मुरगळतो तेव्हा दहातल्या आठ-नऊ वेळा पाऊल आत वळतं आणि बाहेरचा पट्टा ताणतो किंवा तुटतो. त्यातही पुढचा पट्टा आधी.

खो-खोत पळता पळता खांबाला वळसा घालताना, कबड्डीत पकड सोडवताना, बास्केटबॉलमध्ये उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरताना हेच होतं. कधी तर खेळायच्या आधीच होतं! ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकग्रा २००५ साली इंग्लंडमध्ये, एजबॅस्टनच्या कसोटीच्या दिवशी सकाळी सराव करत होता. मैदानात पडलेल्या चेंडूवर त्याचा पाय पडला आणि घोट्याचे अस्थिबंध फाटले. तो सामना ऑस्ट्रेलियाने अवघ्या २ धावांनी गमावला. मैदानावरचे सुटे चेंडू उचलून ठेवा असं सर का ओरडतात, ते आता कळलं ना?

इथे आई-बाबांनी जरा पुढे येऊन वाचावं. मोठ्या माणसाचा घोटा आणि बारा वर्षांच्या मुलाचा घोटा यांत एक मोठा फरक आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची चकती असते. हाड तिथूनच लांब होतं. ही चकती हाडापेक्षा मऊ आणि पुष्कळदा अस्थिबंधापेक्षाही कमजोर असते. म्हणजे ज्या झटक्याने बाबांचा अस्थिबंध ताणला गेला असता, त्याच झटक्याने मुलाची चकती दुखावते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सूज आणि निळेपणा.

घोट्याजवळची ही चकती मुलींमध्ये चौदाच्या आणि मुलांमध्ये सोळाच्या आसपास हाडात मिसळून जाते. पण ती एकदम मिसळत नाही. मधला भाग आधी, मग आतला, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचा पुढचा कोपरा. त्या मधल्या वर्ष-दीड वर्षात पाय जोरात पिरगाळला तर नेमका तो कोपरा हाडासकट निघून येतो. टिलॉ नावाच्या फ्रेंच सर्जनच्या नावाने हे फ्रॅक्चर ओळखतात. तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर तो जागेवर बसवून बहुधा स्क्रूने पक्का करतात. दोन मिलिमीटर म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीवरची दोन बारीक घरं! तेवढ्याने सांध्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढे आयुष्यभर कुरकुरतो. ‘मुरगळ आहे, होईल बरी’ म्हणून जे दिवस जातात, ते इथे महाग पडतात.

मग प्रत्येक मुरगळीला एक्स-रे काढायचा का? नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधे नियम तयार केले, आणि जगभर ते वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांचा मागचा काठ किंवा टोक बोटाने दाबून पाहायचं. हाडावरच दुखलं, तर एक्स-रे. दुखापतीनंतर लगेच, आणि नंतर तपासतानाही, चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही चालतात, पण चार टाकता आली पाहिजेत. पावलाच्या मधल्या भागातल्या हाडांसाठीही असेच नियम आहेत, ते डॉक्टर बघतील. पाचवी-सहावीतल्या मुलांनीही हे चार पावलांचं गणित लक्षात ठेवायला हरकत नाही. मैदानावर मित्र पडला तर तुम्हीच त्याचे पहिले डॉक्टर असता.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं? खेळ थांबवा, पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावा. बर्फ थेट कातडीवर नको. आजीचा आंबेहळदीचा लेप लावायला माझी ना नाही. आजीचा हात फिरला की निम्मं दुखणं तसंही कमी होतं! पण गरम शेक आणि जोरात मालिश पहिल्या दोन दिवसांत नको, त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. आणि पाय ‘ओढून’ बसवून देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावतात, तितकं ते निरुपद्रवी नाही. आत चकती तुटलेली असेल तर ओढण्याने ती आणखी सरकते.

बहुतेक घोटे एवढ्यावर आणि मग काही आठवड्यांच्या व्यायामावर बरे होतात. पूर्ण तुटलेला अस्थिबंधसुद्धा बरेचदा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतो. अट एकच, त्याला तेवढा वेळ द्यायचा. ही अट पाळणं मोठमोठ्यांनाही जड जातं. १९ ऑक्टोबर २०२३ आठवतोय? पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्याने स्वतःच्या गोलंदाजीवर आलेला चेंडू पायाने अडवायचा प्रयत्न केला आणि त्याचा डावा घोटा वळला. त्याचं षटक विराट कोहलीने पुरं केलं, म्हणून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण हार्दिकसाठी विश्वचषक तिथेच संपला. पुढे त्याने स्वतःच सांगितलं, की परत खेळायच्या ओढीने त्याने घोट्यात इंजेक्शनं घेतली, जोर लावला, आणि त्यामुळे जी दुखापत काही आठवड्यांत बरी झाली असती ती महिनोन्‌महिने चालली. मोठ्या स्पर्धेत तो थेट मार्च २०२४ मध्ये, आयपीएलला दिसला. त्याच्याजवळ देशातले उत्तम डॉक्टर होते, तरीही घाईपुढे कुणाचं चाललं नाही.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. कारण काही घोटे खरंच थांबून बरे होत नाहीत.

आपल्या शेजारच्या, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर हे झहीर खानचं जन्मगाव. २०११ चा विश्वचषक भारताने जिंकला, त्यात झहीरने २१ बळी घेतले होते. त्यानंतर जुलैमध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. तपासणीत उजव्या घोट्याचंही दुखणं पुढे आलं. आतमध्ये काहीतरी चिमटत होतं. डॉक्टर याला ‘इम्पिंजमेंट’ म्हणतात. झहीर डावखुरा वेगवान गोलंदाज. म्हणजे चेंडू टाकताना पुढचा पाय उजवा. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय दर चेंडूला जमिनीवर आपटतो, तेव्हा त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. दिवसाला वीस षटकं धरली तर एकशेवीस वेळा! हाडाच्या कडेला अशा रोजच्या धक्क्यांनी बारीक टोक उगवतं, किंवा आतलं अस्तर सुजून सांध्यात अडकतं. दाराच्या फटीत बोट सापडावं तसं.

टॅलसच्या मागच्या बाजूला आणखी एक भानगड असते. साधारण आठ ते तेरा वर्षांच्या वयात तिथे हाडाचा एक छोटा दाणा तयार होतो आणि बहुतेकांत तो वर्षभरात मुख्य हाडाला जुळून जातो. शंभरातल्या दहाएक जणांत तो सुटाच राहतो. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण चवड्यांवर उभं राहून नाचणाऱ्या बॅले नर्तकी, फुटबॉलपटू किंवा वेगवान गोलंदाज यांचं पाऊल पुन्हापुन्हा खाली ताणलं जातं आणि हा दाणा अडकित्त्यातल्या सुपारीसारखा चेपतो. मग टाचेच्या मागे खोलवर दुखतं.

झहीरवर ऑगस्ट २०११ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. परत खेळण्यासाठी १४ ते १६ आठवडे लागतील असं सांगितलं गेलं. त्याच्याशिवाय भारत ती मालिका ४-० हरला. पण घाई केली नाही. २६ डिसेंबरला मेलबर्नच्या कसोटीत तो परत उतरला आणि ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात ७७ धावांत ४ बळी घेतले.

एवढ्याशा सांध्यात हत्यार घालतात कसं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो डॉक्टरांनाही पडला होता. १९१८ साली तोक्योच्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय बघायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. सांध्याच्या दुर्बिणीची ती सुरुवात. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मायकल बर्मन यांनी निरनिराळे सांधे तपासले आणि घोट्याबद्दल लिहून टाकलं की हा सांधा फार अरुंद आहे, इथे दुर्बीण चालणार नाही. तज्ज्ञाने ‘नाही’ म्हटल्यावर विषय संपला असं वाटेल ना? पण ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे बारीक दुर्बिणी बनवत राहिले आणि १९७२ साली त्यांनी २८ घोट्यांची दुर्बिणीतून तपासणी केल्याचं प्रसिद्ध केलं. २००० साली ॲम्स्टरडॅमचे नीक वान डाइक यांनी घोट्याच्या मागून, टाचेच्या जाड शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं भोक पाडून तो सुटा दाणा काढायची रीत दाखवली. ‘शीर’ आपण बोलताना म्हणतो, ती खरं म्हणजे कंडरा, स्नायू हाडाला जोडणारी दोरी.

घोट्यासाठीची दुर्बीण आज साधारण २.७ ते ४ मिलिमीटर जाड असते, पेन्सिलीपेक्षा बारीक. पायाला किंवा पूर्ण भूल देतात. सांध्यात मिठाचं निर्जंतुक पाणी सोडून तो थोडा फुगवतात, म्हणजे जागा होते. एका भोकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. डॉक्टर पायाकडे न बघता टीव्हीच्या पडद्याकडे बघत काम करतात! (व्हिडिओ गेम खेळून डॉक्टर होता येतं, असा अर्थ मात्र घरी सांगू नका.) टोचणारं हाडाचं टोक घासतात, सुजलेलं अस्तर खरवडतात, सुटा तुकडा काढून टाकतात. टॅलसची कूर्चा एखाद्या जागी उडाली असेल तर तिथल्या हाडाला बारीक भोकं पाडतात. त्यातून मगजातलं रक्त वर येतं आणि खड्डा नव्या ऊतीने भरतो. ती मूळच्या कूर्चेइतकी गुळगुळीत नसते, पण काम भागवते.

आणि ढिला पडलेला ताण? घोटा पुन्हापुन्हा, अगदी सपाट रस्त्यावरही वळत असेल, आणि काही महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल, तर बाहेरचे सैल अस्थिबंध आखडून हाडाला परत घट्ट शिवतात. स्वीडनच्या ब्रोस्त्रम यांनी १९६६ साली ही रीत मांडली. थोडे फेरफार होऊन आजही तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. नंतर काही आठवडे प्लास्टर किंवा बूट, आणि खेळायला साधारण तीन-चार महिने. दुर्बिणीतून सांध्यांच्या शस्त्रक्रिया आता नाशिकमध्येही होतात. फक्त घोट्याचं काम नेहमी करणारे डॉक्टर कोण, हे विचारून घ्यावं, कारण गुडघ्याचा हात वेगळा आणि घोट्याचा वेगळा.

शाळेतल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टर सहसा चाकू शेवटी उचलतात. वाढीची चकती उघडी असताना तिच्यातून भोक पाडणं टाळायचं असतं. शिवाय मुलांचं शरीर स्वतःच पुष्कळ दुरुस्ती करतं. मोठ्या माणसात खरवडावी लागली असती अशी टॅलसची जखम मुलांमध्ये पुष्कळदा प्लास्टर आणि विश्रांतीने भरते. सरकलेलं फ्रॅक्चर मात्र थांबत नाही, ते लगेच. आई-बाबांनी डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. नेमकं काय दुखावलंय? शस्त्रक्रियेशिवाय काय काय करून झालंय? वाढीच्या चकतीला धोका आहे का? आणि मैदानावर परत कधी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘स्पर्धा कधी आहे’ यावरून देणाऱ्या डॉक्टरांकडून उठून दुसरं मत घ्यावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. दुखणं दाबून खेळवण्यासाठी गोळी किंवा इंजेक्शन मागणाऱ्या पालकांनाही तेच लागू.

शस्त्रक्रिया एखाद्या तासाची असते, त्यानंतरचं काम महिन्यांचं. अस्थिबंधात बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल कुठे, कसं टेकलंय याची बातमी ती मेंदूला देतात. पट्टा फाटला की ही बातमीही उशिरा पोचते, आणि घोटा बरा ‘दिसत’ असूनही पुन्हा वळतो. एकदा मुरगळलेला घोटा दुसऱ्यांदा मुरगळण्याचं हे एक मोठं कारण. ती बातमी वेगाने पोचवायला शिकवणं हाच तो व्यायाम. त्याला यंत्र लागत नाही, जिम लागत नाही. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं, एवढीच सुरुवात.

आज रात्री घरात सगळ्यांनी मिळून करून बघा. अनवाणी, भिंतीजवळ, म्हणजे आधाराला हात टेकता येईल. आधी डोळे उघडे ठेवून उजव्या पायावर तीस सेकंद, मग डाव्या. हे जमेल. आता डोळे मिटा आणि कुणाला तरी सेकंद मोजायला सांगा. कोणता पाय आधी खाली टेकला, तो लिहून ठेवा. पूर्वी कधी मुरगळलेला पायच बहुधा आधी टेकतो. दीड महिना रोज सराव करा आणि पुन्हा मोजा. आजी-आजोबांना मात्र या खेळात फक्त सेकंद मोजायचं काम द्या, हं!